बोटीचा वायपर सारखा फ्यूज उडवतो, मधेच थांबतो? मोटर बदलायच्या आधी हे पाहा

खिंडसी, गोसेखुर्द, पेंच, इकडच्या धरणांवर ज्यांच्या काच-केबिनवाल्या बोटी आहेत त्यांची पाऊस लागला की एकच तक्रार असते. वायपर बंद पडला, फ्यूज टाकला, चालला, परत बंद. मग कोणीतरी म्हणते मोटर गेली. नवी मोटर येते, लागते, आठ-पंधरा दिवस बरी चालते अन् मग परत फोन, भाऊ नवी मोटर टाकली तरी तेच करून राहिला, आता काय करू.

माझं म्हणणं सरळ आहे. मोटर फार क्वचित जाते. बोटीत बिघडते ती मोटरपर्यंत करंट नेणारी अन् तिथून परत आणणारी वाट, अन् त्यातही जास्त करून परत आणणारी. दुसरी गोष्ट, फॉल्ट काचेवर नेमका कुठे अन् कधी येतो हे नीट पाहिलं तर अर्धं काम तिथेच होते. पण ते कोणी पाहतच नाही, सगळे डायरेक्ट पाना घेऊन बसतात.

काम सुरू करायच्या आधी एक सांगून ठेवतो, बॅटरीचा निगेटिव्ह काढूनच वायरींना हात लावा. टेस्टिंगसाठी करंट चालू करावा लागेल तेव्हा केबिनच्या काचा-झडपा उघड्या ठेवा, पेट्रोलची टाकी जवळ असेल तर आधी वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर त्या दिवशी वायपर राहू द्या, आधी ते गळणं पाहा.

आता हे होते काऊन ते समजून घ्या. आपल्या नागपुरात फक्त बोटीचं वायरिंग करणारा माणूस भेटणं कठीण, कार अन् ट्रकचं काम करणारा ऑटो इलेक्ट्रिशियनच येतो. हात साफ असतो त्याचा, कामही पटकन करतो, पण त्याच्या डोक्यात बॉडी अर्थ पक्का बसलेला असतो. कारमधे पत्रा म्हणजेच निगेटिव्ह, मोटर पत्र्याला कसली की परतीची वायर लागतच नाही. बोट फायबरची, म्हणजे फायबर अन् रेझिन, त्यातून करंट जात नाही. मोटर कितीही घट्ट कसा, तिला निगेटिव्ह भेटणारच नाही. मग हा भाऊ जवळचा एखादा स्टीलचा बोल्ट पाहतो, रेलिंगचा नाही तर स्टिअरिंगच्या पट्टीचा, तिथे अर्थ मारतो, अन् योगायोगाने ते लोखंड कुठून तरी केबलमधून इंजिनाला लागलेलं असते म्हणून वायपर चालतो पण. त्या दिवशी सगळे खुश. नंतर गंज चढला, बोल्ट हलला, की वायपर कधी चालतो कधी नाही, अन् सगळे मोटरला शिव्या देतात.

अ‍ॅल्युमिनियमची बोट असेल तर उलटा धोका आहे. तिथे बॉडी अर्थ मस्त चालतो, अन् तेच वाईट आहे. हलमधून, म्हणजे बोटीच्या बॉडीतून, करंट फिरवला की पाण्यात बुडालेल्या भागाला धातू खाल्ला जाण्याचा रोग लागतो, रिव्हेटपाशी, वेल्डिंगपाशी खड्डे पडत जातात. म्हणून अ‍ॅल्युमिनियमवर मोटर अशी पाहिजे जिच्या निगेटिव्हचा अन् तिच्या स्वतःच्या बॉडीचा काही संबंध नाही. तपासणं सोपं आहे, मोटर सुटी असताना मल्टिमीटर बझरवर ठेवा, एक टोक मोटरच्या निगेटिव्ह वायरीला अन् दुसरं बॉडीच्या खरवडलेल्या जागी. वाजला, किंवा निगेटिव्हची वेगळी वायरच नसेल, तर ती कारवाली बॉडी-अर्थ मोटर. फायबरच्या बोटीला ती चालते, फक्त तिच्या बॉडीच्या बोल्टवरून जाड वायर थेट निगेटिव्ह बस बारला (सगळ्या निगेटिव्ह वायरी जिथे एकत्र येतात ती पट्टी) न्या. अ‍ॅल्युमिनियमला ती लावूच नका.

आता मुख्य मुद्दा, फ्यूज.

लोक सांगतात "फ्यूज उडतो". कधी उडतो? हे विचारलं की गप्प. तर नीट पाहा. स्विच दाबल्या दाबल्या उडतो का? का एक फेरी मारून ब्लेड खाली आपल्या जागेवर आलं की उडतो? का दहा मिनिटं चालून उडतो? का बोट लाटेवर आपटली की उडतो? या चारांत तीन वेगळे फॉल्ट आहेत.

पहिले दोन खरं म्हणजे एकच आहेत अन् बोटीत सगळ्यात जास्त हेच भेटते. हे समजायला मोटरच्या आत पाहावं लागते. डबल स्पीडच्या मोटरला साधारण पाच वायरी असतात, निगेटिव्ह, स्लो, फास्ट, अन् दोन पार्किंगच्या, म्हणजे ब्लेड खाली जागेवर आणून थांबवणाऱ्या. (बॉडी अर्थवालीला निगेटिव्हची वायर वेगळी नसते म्हणून चारच दिसतील.) आत तीन कार्बन असतात, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला करंट देणारे ब्रश, एक निगेटिव्हचा, एक त्याच्या बरोबर समोर तो स्लोचा, अन् तिसरा थोडा बाजूला सरकवलेला तो फास्टचा. गिअरचं झाकण चार स्क्रूने उघडते. उघडलं की काळपट ग्रीस दिसेल, ते कापडाने पुसा, खाली मोठ्या प्लॅस्टिकच्या गिअरवर एक पितळी चकती बसवलेली असते अन् तिला एका ठिकाणी खाच असते. झाकणाच्या आतल्या बाजूने पातळ पत्तीचे दोन-तीन बोटं त्या चकतीवर घासत असतात. हे झालं पार्किंग. (काही मोटरीत चकतीऐवजी उंचवटा अन् छोटा स्विच असतो, काम तेच.) ब्लेड काचेवर कुठेही असू द्या, पार्किंगच्या परतीच्या वायरीवर चकतीतून बारा व्होल्ट येत असतात. ब्लेड अगदी खाली आपल्या जागेवर आलं, पत्ती खाचेवर आली, की तीच वायर बारा व्होल्टवरून सुटते अन् निगेटिव्हला जोडली जाते. हे मुद्दाम केलेलं असते. स्विच बंद असताना ही वायर स्लोच्या कार्बनला जोडलेली राहते, त्यामुळे स्विच बंद केल्यावरही मोटर ब्लेड खाली येईपर्यंत चालत राहते, अन् खाली आल्या आल्या दोन्ही कार्बन निगेटिव्हवर आल्यामुळे मोटरला करकचून ब्रेक लागतो.

आता बोटीत काय होते पाहा. पॅनेलवर असतो साधा ऑन-ऑफ स्विच. मोटरमधून निघाल्या पाच वायरी. बसवणाऱ्याला पार्किंगची परतीची वायर कुठे लावायची ते कळत नाही, म्हणून तो तिला स्लोच्या वायरीलाच पीळ देऊन टेप मारतो. स्विच ऑन केला तर स्लोवर बारा व्होल्ट, अन् ब्लेड खाली आलं की तीच वायर आतून थेट निगेटिव्हला. सरळ शॉर्ट. फ्यूज ठक. ब्लेड त्या खाचेवरच थांबलं असेल तर नवा फ्यूज टाकल्या टाकल्या उडतो, अन् झोकात खाच ओलांडून पुढे गेलं असेल तर नवा फ्यूज एक फेरी चालतो अन् मग उडतो. म्हणूनच माणूस चक्रावते, कधी चालतो कधी नाही, काही मेळ लागत नाही. मेळ आहे, फक्त ब्लेड कुठे उभं आहे ते पाहायचं.

हा फॉल्ट पकडायला फ्यूजचा डबा रिकामा करायची गरज नाही. कारच्या हेडलाइटचा जुना बल्ब घ्या, ५५ वॉटचा, त्याला दोन वायरी जोडा अन् फ्यूज काढून त्याच्या जागी हा बल्ब लावा. बल्बमधून साडेचारच्या आसपास अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, म्हणजे काही जळणार नाही. स्विच ऑन करा. बल्ब मंद अन् वायपर हळूहळू सरकतो आहे, म्हणजे ठीक. बल्ब फुल पेटला अन् मोटर मेलेली, म्हणजे शॉर्ट. आता एकेक वायर सोडवत जा, ज्या वायरीने बल्ब मंदावतो ती पकडा. ब्लेड खाली पोचल्यावरच बल्ब फुल पेटत असेल तर पार्किंगची वायर चुकीच्या जागी आहे, दुसरं काही शोधत बसू नका.

उपाय म्हणजे बरोबर स्विच. एका स्पीडसाठी टू-वे स्विच पाहिजे, तीन टर्मिनलचा, ज्याला मधल्या पिनवर स्लोची वायर, एका बाजूला फ्यूजमधून आलेला पॉझिटिव्ह अन् दुसऱ्या बाजूला पार्किंगची परतीची वायर. ऑन असला की स्लो पॉझिटिव्हला, ऑफ असला की स्लो पार्किंगला, दोन्ही एकदम कधीच नाही. पार्किंगची दुसरी वायर, जिच्यातून चकतीला बारा व्होल्ट भेटतात, ती स्विचच्या आधीच फ्यूजवरून कायम चालू ठेवायची. ती जर स्विचच्या नंतर घेतली तर स्विच बंद केला की पार्किंगचाही करंट गेला, ब्लेड जिथे असेल तिथेच उभं. समोरचं दिसत नाही कारण ब्लेड बरोबर डोळ्यासमोर काचेच्या मधोमध अडलेलं, हे ज्याने अनुभवलं त्याला विचारा.

डबल स्पीडसाठी वायपरचाच स्विच घ्या, ऑफ-स्लो-फास्ट. जुगाड करून दोन साधे स्विच लावले अन् कोणी दोन्ही एकदम दाबले तर स्लो अन् फास्ट दोन्ही कार्बनला बारा व्होल्ट जातात, आर्मेचरची (मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाची) काही वाईंडिंग त्या दोन कार्बनमधे शॉर्ट होते अन् मोटर तापते. अशाने मात्र मोटर खरंच जाते.

अन् इथे एक गंमत सांगतो. लाइटवाले रॉकर स्विच भेटतात ना, त्यांना पण तीन पिना असतात, म्हणून लोक समजतात हाच टू-वे. नाही. तिसरी पिन आतल्या लाइटच्या निगेटिव्हची असते. त्या पिनवर पार्किंगची वायर लावली की वायपर जागेवर परत येत नाही, अन् वरून ब्लेड खाली आलं की प्रत्येक वेळी स्विचचा लाइट टचकन पेटतो अन् विझतो. स्विच असा डोळा मारून राहिला असेल तर तुमचा फॉल्ट तिथेच सापडला, पुढचं वाचायची गरज नाही, स्विच बदला.

वायरींचे रंग पाहून जोडू नका. कंपनीगणिक रंग वेगळे असतात अन् जुनी मोटर असेल तर उन्हाने सगळे एकाच मातकट रंगाचे झालेले असतात. तोच बल्ब सिरीजमधे लावून एकेक वायर तपासा, जिच्यावर हळू फिरते ती स्लो, जिच्यावर जोरात ती फास्ट. कळली की लगेच टॅग लावा, उद्या लक्षात राहत नाही.

दहा मिनिटं चालून फ्यूज उडणं हा वायरिंगचा फॉल्ट नसतो बहुतेक वेळा. मोटरवर जास्त लोड आहे. काच कोरडी आहे अन् रबर घासत चाललं आहे, किंवा स्पिंडल (ज्या दांड्यावर वायपरचा आर्म बसतो तो) जाम आहे, किंवा छोट्या मोटरला मोठं ब्लेड लावलं. आर्म काढून टाका अन् नुसती मोटर चालवा, करंट मोजा. आर्म नसताना करंट एकदम खाली आला तर दोष काच-रबर-आर्मचा. तसाच राहिला तर मोटर-स्पिंडलचा. फ्यूज कितीचा टाकायचा ते मोटरच्या प्लेटवर किंवा कागदावर लिहिलेलं असते, तेवढाच टाका. ५ चा उडतो म्हणून १५ चा टाकला तर तो वायर तापेपर्यंत गप्प बसेल, अन् फ्यूजला तांब्याची तार गुंडाळणाऱ्याला तर मी हातच जोडतो. बोटीत आग लागली तर उतरून बाजूला उभं राहता येत नाही.

लाटेवर आपटली की उडणारा फ्यूज म्हणजे वायर कुठेतरी घासली आहे. जिथे वायरी केबिनच्या भोकातून जातात अन् रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रिंग) नाही तिथे आधी पाहा, बहुतेक तिथेच असते.

आता दुसरी तक्रार, स्विच बंद केला तरी वायपर थांबतच नाही, चालूनच राहिला आहे. किंवा खाली येतो, जरा थबकतो, परत वर जातो. आपण वर पाहिलं ना की खाचेवर निगेटिव्ह भेटल्याने ब्रेक लागतो. तो निगेटिव्हच भेटला नाही तर ब्रेक नाही, मोटर झोकाने खाच ओलांडते, पुढे परत चकतीचा बारा व्होल्ट, परत फेरी. काही मोटरींमधे चालण्याचा निगेटिव्ह वायरीतून येतो पण ब्रेकचा निगेटिव्ह मोटरच्या बॉडीतून घेतलेला असतो. कारमधे काही फरक पडत नाही, पत्र्यावर कसली की भेटला. फायबरच्या बोटीवर बॉडी हवेत लटकलेली, ब्रेक कुठून भेटणार. मोटरच्या बॉडीवरच्या एका बोल्टखालचा रंग खरवडा, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबायची धातूची कडी) लावून वायर बस बारला न्या, नव्वद टक्के केसमधे लगेच थांबते. नाही थांबलं तर गिअरचं झाकण उघडा, पितळी चकतीवर काळा थर असेल किंवा पत्तीची बोटं वाकलेली असतील. बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करा, बोटं नखाने किंचित उचला, थोडं ताजं ग्रीस. वेगळं सामान लागत नाही.

तिसरी तक्रार, वायपर रेंगाळतो. इंजिन चालू असताना बरा, इंजिन बंद केलं की मरगळतो. हा सरळ व्होल्टेजचा मामला. बॅटरी मागे इंजिनाजवळ, वायपर पुढे, मधे समजा ६ मीटर. करंटला जायचं आहे अन् यायचं पण आहे, म्हणजे वायर १२ मीटर मोजायची, हे जवळपास सगळे विसरतात. एक मोटर ५ अँपिअर घेते असं धरा. १ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर त्या १२ मीटरमधे १ व्होल्टच्या थोडं वर गायब होते. २.५ ची टाकली तर अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. दोन मोटरी एकाच वायरीवर असतील तर हे आकडे डबल. अर्धी उतरलेली बॅटरी १२.२ व्होल्ट दाखवते, त्यातून दोन मोटरींचे २ व्होल्ट वजा करा, वायपरला भेटले दहाच्या आसपास. तो बिचारा रेंगाळणार नाही तर काय करणार. अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींच्या मानकात महत्त्वाच्या सर्किटला ३ टक्के अन् बाकीच्यांना १० टक्के व्होल्टेज ड्रॉप चालतो असं धरतात. बारा व्होल्टला १० टक्के म्हणजे १.२ व्होल्ट, यापेक्षा जास्त गेलं की वायर बदला. मी वायपरला तेवढंही जाऊ देत नाही, पावसात केबिनमधून समोरचं दिसणं हे रेडिओ वाजण्यासारखं काम नाही.

पण वायर जाड आहे अन् तरी रेंगाळतो, तर मग? मग कुठला तरी जॉइंट व्होल्टेज खाऊन राहिला आहे. अन् हे नुसता मल्टिमीटर लावून कळत नाही हे लक्षात घ्या. मोटर बंद असताना सडलेल्या जॉइंटच्या पुढेही पूर्ण १२.६ दिसेल, कारण करंट वाहतच नाही तर व्होल्टेज पडणार कुठे. असंच पाहून लोक म्हणतात, भाऊ मोटरपर्यंत बारा व्होल्ट येऊन राहिले, मोटरच खराब आहे. नाही बाप्पा. वायपर चालू ठेवा, काचेवर पाणी टाकत राहा, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर (लांब वायर जोडून घ्या), काळं टोक मोटरच्या स्लो टर्मिनलवर. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. मग काळं टोक मागे मागे आणत जा, स्विचच्या पुढे, स्विचच्या मागे, फ्यूज होल्डरच्या पुढे, मागे. जिथे आकडा धाडकन खाली पडतो त्याच तुकड्यात चोर आहे. आता हेच निगेटिव्हच्या बाजूने करा, मोटरच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. निगेटिव्हची बाजू दहात नऊ जण तपासतच नाहीत अन् बोटीत चोर बहुतेक तिथेच बसलेला असतो. वायपर चालू केला की फिश फाइंडर (मासे शोधायचं यंत्र) किंवा वायरलेस सेट रीस्टार्ट होतो, अशी तक्रार असेल तरी हीच टेस्ट, वायपरचा अन् त्या सेटचा निगेटिव्ह एकच असतो अन् तो कच्चा असतो.

चोर सापडला म्हणजे काय सापडते, तर बहुतेक वेळा काचेच्या नळीवाला जुना फ्यूज होल्डर, ज्याची स्प्रिंग गंजून ढिली झाली आहे. तो फेका, प्लॅस्टिकचा ब्लेड फ्यूजवाला झाकणाचा होल्डर लावा, अन् बॅटरीच्या जवळ लावा, मोटरजवळ नाही. फ्यूज मोटरला वाचवायला कमी अन् मधल्या वायरीला वाचवायला जास्त असतो. किंवा मग सापडतो पीळ-टेपवाला जॉइंट.

अन् या टेपचं नागपुरी गणित वेगळं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या बोटीच्या बंद केबिनमधे, डॅशबोर्डच्या मागे त्यापेक्षा किती तरी जास्त होते. इन्सुलेशन टेपचा गोंद पातळ होतो, ओघळतो, टेपचं टोक सुटून कागदाच्या भेंडोळ्यासारखं उभं राहते. आतला पीळ उघडा पडतो. तेव्हा काहीच होत नाही, सगळं कोरडं असते. जून लागतो, दमट हवा, काचेच्या कडेतून झिरपलेलं पाणी वायरीवरून ओघळत बरोबर त्या जॉइंटवर येते. तांब्यावर हिरवा थर चढतो अन् पाणी इन्सुलेशनच्या आत तारांतून वर चढत जाते. वायर सोलली की आत लखलखीत तांबं दिसायला पाहिजे, तिथे काळीकुट्ट तार निघते. फॉल्ट मे मधे झाला, दिसला जूनमधे, म्हणून सगळे म्हणतात पावसाने वायपर बिघडतो.

काळी तार साफ करत बसू नका, त्यावर सोल्डर पण बसत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत मागे या, लांबी कमी पडली तर नवीन वायर ओढा. घराच्या फिटिंगची वायर शक्यतो नको, टिनचा मुलामा असलेली बारीक तारांची मरीन वायर भेटली तर उत्तम, ती ऑनलाइन किंवा मुंबईहून मागवावी लागते. नाहीच भेटली तर निदान मल्टिस्ट्रँड तांब्याची घ्या, एकेरी जाड तारेची बिलकुल नाही, बोटीच्या हादऱ्याने ती तुटते. जॉइंटला थिंबल किंवा बट कनेक्टर (दोन वायरींची टोकं जोडणारी नळी), चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीने दाबलेला, साध्या पक्कडीने चेपलेला नाही. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, गरम केली की दोन्ही टोकांतून गोंद थोडा बाहेर आला पाहिजे. अन् मोटरकडे जाणारी वायर वरून सरळ मोटरमधे नेऊ नका, आधी मोटरच्या खाली उतरवून मग वर घ्या म्हणजे पाणी त्या लटकलेल्या वळणावरून टपकून जाईल.

मोटरच्या आत पाणी जाते ते मात्र वेगळ्या वाटेने, स्पिंडलवरून. स्पिंडल जिथे केबिनमधून बाहेर निघतो तिथला रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरला असेल तर पाणी स्पिंडलला धरून आत येते अन् पहिलं त्या पितळी चकतीवर पडते. वॉशर बदला, सिलंट लावा. अन् मोटरच्या केसला जर पाणी निघायचं छोटं भोक असेल तर ते खालच्या बाजूला येईल अशी मोटर बसवा, कित्येकदा जागा नाही म्हणून मोटर उलटी बसवतात अन् मग त्या भोकातूनच पाणी आत साठते.

रबराचं पण तेच. उन्हाळाभर ब्लेड काचेला चिकटून उभं राहिलं तर रबर तिथेच डकते, सीझनच्या पहिल्या दिवशी स्विच दाबला की मोटर जागच्या जागी घुटमळते अन् करंट कित्येक पट ओढते. उन्हाळ्यात आर्म उचलून खाली लाकडाचा तुकडा द्या नाही तर ब्लेड काढूनच ठेवा.

जुन्या गाड्यांच्या सामानातून मोटर आणत असाल तर आधी व्होल्ट पाहा. ट्रक-बसची मोटर मजबूत म्हणून लोक आणतात, पण त्या बरेचदा २४ व्होल्टच्या असतात, बारावर लावल्या की चालतात पण म्हाताऱ्यासारख्या, अन् मग वायर जाड करत बसतात. अन् समोरची काच खरंच काच आहे का ते पाहा. बऱ्याच छोट्या बोटींना अ‍ॅक्रेलिक असते, त्यावर वायपर चालवला की धुळीचे कण घासून अर्धगोल पांढरे ओरखडे उमटतात अन् पावसापेक्षा त्यातूनच कमी दिसते. अशा बोटीवर वायपरची वायरिंग दुरुस्त करण्याआधी टफन किंवा लॅमिनेटेड काच बसवून घ्या, नाही तर वायपर काढून टाका.

सगळं झालं की बोट पाण्यात उतरवण्याआधी पाइपने काचेवर पाणी सोडा अन् वायपर पंधरा मिनिटं सलग चालवा, स्लोवर पण अन् फास्टवर पण, मधे मधे बंद करून ब्लेड दर वेळी खाली जागेवर येते का पाहा. मग हाताने फ्यूज होल्डर, स्विचच्या मागच्या पिना, बस बार, एकेक जॉइंट चाचपून पाहा. कोमट चालते, जो चटका देईल तो तिथेच कापून परत क्रिम्प करा.